पुण्याजवळच्या धरणांवर कयाकिंग: सुरुवात कशी करावी

कयाक म्हणजे दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याने चालवायची छोटी होडी. रुंद, बसकी कयाक आणि शांत पाणी मिळालं तर पंधरा-वीस मिनिटांत कुणीही पुढे जायला लागतं. नवख्या माणसाची फसगत तिथेच होते. पुढे जाणं लवकर जमतं, पण त्याच ठिकाणी, त्याच दमात परत येणं जमायला वेळ लागतो. पाण्यात पडल्यावर पुन्हा होडीत चढणं तर मुद्दाम शिकल्याशिवाय येतच नाही. म्हणून या लेखात वल्हं मारण्याआधी पाणी, वारा आणि वेळ यांच्याबद्दल लिहिलं आहे. कुठली कयाक घ्यावी हा प्रश्न सगळ्यात शेवटी सोडवला तरी चालतो.

पाणी कुठलं, वेळ कुठली

पुण्याच्या पश्चिमेला खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, मुळशी, पवना असे जलाशय आहेत. नैसर्गिक तलाव यांतला एकही नाही. मुठा, आंबी, मोसे, मुळा, पवना या पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्या अडवून हे साठे झाले आहेत. त्यामुळे धरणाची भिंत जलाशयाच्या पूर्वेच्या अंगाला येते आणि बॅकवॉटर पश्चिमेला डोंगरांत शिरलेलं असतं. नकाशा उघडून एवढं पाहून ठेवा, कारण उन्हाळ्यात दुपारनंतर इथे पश्चिमेचा वारा सुटतो. तो दरीतून लांबलचक पाण्यावरून थेट भिंतीच्या दिशेने येतो. थकलेला माणूस वल्हं थांबवून बसला की होडी आपोआप भिंतीकडे सरकू लागते, आणि नेमकं तिथेच जायचं नसतं. भिंत, सांडवा, पाणी उचलण्याचे मनोरे आणि कालव्याचं तोंड यांपासून निदान अर्धा किलोमीटर लांब राहा. दरवाजे बंद दिसले तरी पाण्याखालून कालव्यात किंवा जलवाहिनीत विसर्ग चालू असू शकतो आणि वरून तो ओळखता येत नाही. मुळशीला दोन्ही टोकं सांभाळावी लागतात: भिंत पूर्वेला आहे, तर वीजनिर्मितीसाठी पाणी बोगद्यातून पश्चिमेकडे, घाटाखाली भिऱ्याला जातं.

वाऱ्याला मोकळं पाणी जितकं लांब मिळेल तितक्या लाटा मोठ्या होतात. म्हणून पानशेत किंवा वरसगावच्या लांब, अरुंद पाण्यावर पश्चिमेचा वारा आणि खडकवासल्याच्या एखाद्या वळणाआडचा तोच वारा यांत फार फरक पडतो. शिकण्यासाठी डोंगराच्या सोंडेआड दडलेली छोटी खाडीसारखी जागा शोधा, जिथे वारा अडतो आणि दोन्ही काठ दीडशे-दोनशे मीटरच्या आत आहेत. पवनेच्या काठावर तुंग, तिकोना, लोहगड अशा डोंगरांच्या आडोशाला अशा बऱ्याच जागा आहेत. खडकवासल्याच्या वायव्य काठाला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची हद्द आहे, त्या बाजूला वळूच नका.

पाण्याची पातळी हा दुसरा विषय, आणि त्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. खडकवासल्याचा साठा जेमतेम १.९७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. वरच्या पानशेतचा १०.६५ आणि वरसगावचा १२.८२ टीएमसी. वरून पाणी सोडलं की खडकवासला चटकन चढतो आणि पावसाळ्यात त्याचा सांडवाही लवकर सुरू होतो. पानशेत आणि वरसगावला उलट घडतं. ऑक्टोबरमध्ये काठोकाठ असलेलं पाणी पिण्यासाठी आणि शेतीसाठी सोडत सोडत मेपर्यंत खूप खाली जातं, आणि काठ आत सरकतो. दिवाळीत जिथून सहज होडी लोटली, तिथे एप्रिलमध्ये गुडघाभर गाळ असतो. वरचा पापुद्रा वाळून कडक दिसतो, पाय ठेवला की पोटरीपर्यंत आत. अशा ठिकाणी होडी उचलून चालू नका. मुरमाड किंवा खडकाळ उतार शोधा, मग तिथे पोचायला थोडं लांबून यावं लागलं तरी चालेल.

पाणी उतरत जातं तशी बुडालेली झाडं, शेतांचे बांध, घरांची जोती वर येऊ लागतात. पवनेत उन्हाळ्यात वाघेश्वराचं जुनं मंदिर उघडं पडतं ते याचमुळे. पूर्ण उघडी पडलेली भिंत धोक्याची नसते, कारण ती दिसते. चार-सहा इंच पाण्याखाली असलेली भिंत किंवा बाभळीचा बुंधा होडी अडकवतो, आणि हवेची, म्हणजे फुगवून वापरायची कयाक असेल तर फाडतोही. पाण्यावर एकाच जागी वेगळी तरंगरेषा किंवा फेस दिसला, किंवा एखादा पक्षी पाण्याच्या मधोमध उभा दिसला, तर खाली काहीतरी आहे असं समजा.

महिन्यांचा हिशोब असा लावावा. जून ते सप्टेंबर पाण्यात उतरायचंच नाही. विसर्ग, गढूळ पाण्यातून वाहून येणारे ओंडके, निसरडे काठ आणि मिनिटात बदलणारी हवा ही त्याची कारणं. शिवाय पावसाळ्यात धरणांवर आणि धबधब्यांवर जिल्हा प्रशासन मनाई आदेश काढतं. ऑक्टोबरात पाणी भरलेलं असतं, पण काठावरची झुडपं आणि काटेरी कुंपणं त्यात बुडालेली असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा शिकण्याचा खरा हंगाम. सकाळी साडेसहा-सात ते दहापर्यंत पाणी आरशासारखं असतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दरीत धुकं साचलं असेल तर ते निवळेपर्यंत काठावरच थांबा. धुक्यात दिशा चुकते आणि मच्छीमारांच्या होड्यांना आपण दिसत नाही. मार्चपासून वेळ आणखी अलीकडे आणा, साडेनऊला काठावर परत. एप्रिल-मेमध्ये वळिवाचं लक्षण ओळखायला शिका: दुपारी एका बाजूला ढग उंच चढत जातात, वारा अचानक पडतो, आणि मग सोसाट्याने उलट्या दिशेने येतो. तो मधला शांत काळ फसवा असतो. गडगडाट कानावर आला की सरळ जवळच्या काठावर जायचं, गाडी जिथे आहे त्याच काठावर जायचा हट्ट धरायचा नाही. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं उलटेपर्यंत पुन्हा पाण्यात उतरू नका.

वाऱ्याचा वेग हवामानाच्या अ‍ॅपवर पाहता येतो. नवख्यासाठी ताशी १२ किलोमीटरपर्यंत ठीक. १५ च्या वर आडोशाची जागा नसेल तर नको. पाण्यावर लाटांचे शेंडे जागोजागी पांढरे फुटताना दिसले की अ‍ॅप काहीही सांगो, त्या दिवशी होडी गाडीतून उतरवायची नाही.

परवानगी आणि पहिलं सत्र

धरणाचं पाणी आणि त्याच्या काठाची संपादित जमीन सरकारी किंवा कंपनीच्या ताब्यात असते, त्याला लागून खासगी शेतं असतात. आपली होडी घेऊन कुठूनही उतरता येईल असं गृहीत धरू नका. सोपा मार्ग म्हणजे परवानगी असलेल्या जलक्रीडा केंद्रातून किंवा काठावरच्या रिसॉर्टमधून सुरुवात करणं. तिथे गेल्यावर चार गोष्टी विचारा: बोटिंगची परवानगी आहे का, मोटारीची बचाव होडी चालू स्थितीत आहे का, पाण्यावर नजर ठेवणारा माणूस कोण, आणि माझ्या मापाचं जॅकेट आहे का. चौथ्या प्रश्नाला ‘सगळ्यांना एकच बसतं’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा.

शहरातल्या शहरात कयाक पाहायची असेल तर सीओईपी या अभियांत्रिकी विद्यापीठाच्या बोट क्लबच्या रेगाटाला, म्हणजे होड्यांच्या सोहळ्याला जा. मात्र स्पर्धेच्या कयाक आणि तलावावर फिरायच्या कयाक यांत मोठा फरक आहे. एकट्याच्या स्पर्धेची के-१ होडी ५.२ मीटरपर्यंत लांब, अगदी अरुंद आणि अवघी १२ किलोच्या आसपास असते. तिच्यात नुसतं बसून राहणं हेच पहिल्या काही दिवसांचं शिक्षण असतं. आपल्याला लागते ती ९ ते ११ फूट लांब आणि २८ ते ३२ इंच रुंद होडी.

महाराष्ट्रात सगळीकडे हेच नियम लागू होतात असंही नाही. पवईच्या तलावात आणि सांगलीजवळ कृष्णेत मगरी आहेत. अनोळखी पाण्यावर जाण्याआधी तिथल्या कोळ्यांना आणि गुराख्यांना विचारा, त्यांच्याइतकी खात्रीची माहिती दुसरीकडे मिळत नाही.

लाइफ जॅकेट

पोहता येतं म्हणून जॅकेट नको, हे म्हणणं चुकीचं आहे. पाण्यावर अंतर कमी भासतं. तीनशे मीटर दिसायला शंभर वाटतात, आणि कपड्यांसकट, लाटांत, दमलेल्या अवस्थेत ते पोहून जाणं तरणतलावातल्या पोहण्यापेक्षा वेगळंच काम आहे. शिवाय पुन्हा होडीत चढताना जॅकेटचा आधार लागतोच.

वल्हवण्यासाठीच्या जॅकेटला ५० न्यूटन तरंगशक्ती पुरते, म्हणजे साधारण पाच किलो वजन ते पाण्यावर धरून ठेवतं. पाण्यात शरीराचं जाणवणारं वजन तेवढंच किंवा त्याहून कमी असतं. पण ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी असतं. ते बेशुद्ध माणसाचं तोंड वर वळवेल याची खात्री नसते. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी १०० न्यूटनचं, कॉलर असलेलं जॅकेट घालावं आणि काठापासून वीस-पंचवीस मीटरच्या पुढे जाऊ नये. खांद्याची भोकं मोठी असलेलं जॅकेट घ्या, नाहीतर काखेत घासून साल निघते.

बसतं की नाही ते असं तपासा. सगळे बक्कल लावा, बाजूचे पट्टे आधी खालून वर आवळा. मग कुणाला तरी दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट वर ओढायला सांगा. हनुवटी किंवा कानापर्यंत चढलं तर सैल आहे. लहान मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर मूल पाण्यात आणि जॅकेट डोक्यावर अशी अवस्था होते. भाड्याने मिळालेल्या जॅकेटचा फोम दाबून पाहा. दाबलेला खड्डा भरून येत नसेल, कापड नखाने फाटत असेल, तर ते बाजूला ठेवा.

वल्हं धरणं आणि बसणं

वल्ह्याची लांबी होडीच्या रुंदीवर आणि तुमच्या उंचीवर ठरते. २८ इंचांपर्यंत रुंद होडी आणि साडेपाच फुटांपर्यंतची उंची असेल तर २२० सेंटीमीटर, २८ ते ३२ इंचांच्या होडीला २३०, त्याहून रुंद हवेच्या होडीला २४०. आखूड वल्ह्याने होडीच्या कडेवर बोटं आपटतात आणि माणूस दर फटक्याला बाजूला कलतो. फार लांब वल्ह्याने होडी डावी-उजवीकडे डोलते आणि खांदे लवकर दुखतात.

वल्हं डोक्यावर आडवं धरा आणि दोन्ही कोपर काटकोनात येतील इतके हात लांब ठेवा. हीच पकड. पात्याची पोकळ बाजू तुमच्याकडे हवी. एका बाजूची कड तिरपी कापलेली असेल तर लांब कड वर. यातलं एक जरी उलटं झालं तरी वल्हं हातात गरगरतं, आणि नवशिके ‘आपल्यालाच जमत नाही’ असं समजून मनगट आवळत जातात. बोटं सैल ठेवा, दांडा नुसता अडकवून धरा. तासाभरात अंगठ्याच्या बेचक्यात फोड आला किंवा कोपरापासून मनगटापर्यंतचा हात भरून आला तर मूठ घट्ट होती असं समजा.

बसताना पाठ टेकून आरामात रेलायचं नाही. कंबर पाठीच्या आधाराला लागून, अंग किंचित पुढे, टाचा आतल्या बाजूला, पावलं खुंट्यांवर किंवा खाचांवर, गुडघे थोडे वाकलेले. पाय सरळ ताणून बसलं की मांडीच्या मागच्या शिरा ओढल्या जातात, पंधरा मिनिटांत कंबर बोलू लागते आणि पायांना मुंग्या येतात. खुंट्या काठावरच नीट लावून घ्या, पाण्यात गेल्यावर ते काम होत नाही.

होडीत चढणं

होडी काठाला समांतर, वीतभर खोल पाण्यात पूर्ण तरंगती ठेवा. अर्धी मातीवर, अर्धी पाण्यात असताना बसलं की ती मध्यावर डगमगते आणि तळही घासतो. मग बैठकीच्या शेजारी उभं राहून आधी कुल्ले मधोमध टेकवा, पाय बाहेरच पाण्यात लोंबू द्या, तोल आला की एकेक पाय आत घ्या. उभ्याने एक पाय आत टाकून चढायचा प्रयत्न जवळजवळ नेहमी पाण्यात संपतो. उतरताना हाच क्रम उलटा.

आधी पडा, मग वल्हवा

पहिल्याच दिवशी, छातीभर पाण्यात, जॅकेट घालून, होडी मुद्दाम उलटवा. शेजारी एक माणूस उभा हवा आणि खाली खडक नाही हे पायाने चाचपून घेतलेलं हवं. वरून बसायच्या, म्हणजे सिट-ऑन-टॉप कयाकचा क्रम असा आहे:

१. वर आल्यावर सगळ्यात आधी होडी धरा, मग वल्हं. वल्हं सुटलं तर त्याच्यामागे पोहत जाऊ नका. होडी हलकी असते, वारा ती माणसाच्या पोहण्यापेक्षा वेगाने नेतो. म्हणूनच वल्हं दोरीने होडीला बांधलेलं असावं.

२. होडी उलटी असेल तर मध्याशी या. तळावरून हात पलीकडे टाकून लांबची कड किंवा पट्टा पकडा, गुडघे जवळच्या कडेवर टेकवा आणि अंगाचं वजन मागे टाका. होडी तुमच्याकडे पलटते, तेव्हा तोंड बाजूला ठेवा.

३. बैठकीच्या जागेशी होडीला आडवे व्हा. दोन्ही हात वर, पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत येऊ द्या आणि जोरात पाय मारत पोट होडीवर सरकवा. नवख्यांचे पाय होडीखाली लोंबत राहतात, आणि मग कितीही ओढलं तरी होडी अंगावर येते. पाय वर आले की निम्मं काम झालं.

४. बेंबी होडीच्या मधोमध आली की पाठीवर वळा, कुल्ले बैठकीत बसवा, मग पाय आत घ्या. घाई इथे नडते: पोट पुरतं वर यायच्या आधी वळलं की दुसऱ्या बाजूने पुन्हा पाण्यात.

लागोपाठ तीनदा मदतीशिवाय जमेपर्यंत काठ सोडू नये, असं आमचं ठाम मत आहे. ज्यांना हे दमल्यावरही जमतं त्यांनाच मोकळ्या पाण्यावर जायचा अधिकार आहे. कुणाला अजिबात जमत नसेल तर होडीच्या मधल्या पट्ट्याला पाऊल अडकवायची पट्टीची रिकीब बांधा. पाय त्यात घालून वर चढणं पुष्कळ सोपं जातं.

आत शिरून बसायच्या, म्हणजे सिट-इन कयाकची गोष्ट वेगळी. ती उलटली की आतमध्ये दीड-दोनशे लिटर पाणी भरतं, म्हणजे दीड-दोनशे किलो. एकट्याने ती रिकामी होत नाही. हातपंप, पुढे-मागे हवेच्या बंद कप्प्यांची सोय आणि दुसऱ्या होडीची मदत लागते. आपल्याकडच्या उकाड्यात आणि मोकळ्या पाण्यावर सुरुवातीला तिची गरज नाही.

पुढे, मागे, वळण

पुढे जाण्याचा फटका पावलाशेजारी सुरू होतो आणि कमरेशी संपतो. पातं होडीच्या अगदी जवळ, दांड्यापर्यंत पूर्ण बुडवा, कमरेशी आलं की बाजूला उचला. कमरेच्या मागे ओढत नेलेलं वल्हं होडीला पुढे न नेता वळवतं, आणि नवख्यांची नागमोडी चाल याचमुळे असते. हातांनी ओढू नका, खांदे आणि धड वळवा. उजवीकडे वल्हं टाकताना उजवा खांदा पुढे जावा, उजवा पाय खुंटीवर दाबला जावा. फटक्यांचा वेग वाढवण्यापेक्षा प्रत्येक फटका शांत आणि पूर्ण करा. पाणी उडत असेल तर शक्ती वाया जाते आहे.

डावीकडे वळायचं तर उजव्या बाजूला पावलापासून सुरू करून शेपटापर्यंत मोठं अर्धवर्तुळ काढा. जागच्या जागी वळायला एका बाजूला पुढचं अर्धवर्तुळ आणि दुसऱ्या बाजूला उलटं. थांबायला डाव्या-उजव्या बाजूंना आळीपाळीने छोटे उलटे फटके, तीन-चार पुरतात. थांबण्याचा सराव लोक करत नाहीत आणि मग जाळ्यात किंवा दुसऱ्याच्या होडीत शिरतात.

बाजूचा वारा असला की बहुतेक होड्यांचं तोंड हळूहळू वाऱ्याकडे वळतं. त्याच्याशी झगडू नका, वाऱ्याच्या बाजूला थोडे रुंद फटके मारत जा. तळाला बसवायचा पंख असेल तर तो लावा, हवेच्या कयाकला तर त्याच्याशिवाय सरळ जाता येत नाही. मोटारबोटीची लाट आली की होडीचं तोंड तिच्याकडे थोडं तिरपं करा आणि वल्हं चालू ठेवा. घाबरून दोन्ही हातांनी कडा पकडल्या की तोल जातो. पाण्यात चालणारं वल्हं हाच आधार असतो.

दोघांच्या कयाकमध्ये जास्त ताकदीचा माणूस मागे बसतो आणि दिशा सांभाळतो. पुढचा ताल धरतो. वल्ही एकमेकांवर आपटतात ती मागच्याने पुढच्याकडे न पाहिल्यामुळे.

पहिल्या काही फेऱ्या

जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे दमल्यावर वारा परत आणतो. उलटं केलं की जाताना छान वाटतं आणि येताना अंगातली ताकद संपते. निवांत वल्हवणारा नवखा ताशी तीन-चार किलोमीटर जातो, त्यामुळे तासाभराची फेरी, काठापासून पन्नास मीटरच्या आत, एवढंच सुरुवातीला पुष्कळ आहे. ठरवलेल्या वेळेचा तिसरा हिस्सा संपला की वळा, परतीला जास्त वेळ लागू शकतो. पाणी ओलांडून पलीकडच्या काठाला जाण्याचा बेत, वर सांगितलेलं चढणं सहज जमू लागल्यावर आणि सोबत दुसरी होडी असेल तरच करा.

कमीत कमी दोन होड्या. काठावरच्या एका माणसाला कुठून उतरलो आणि कधी परतणार ते सांगून जा. पानशेत-वरसगावच्या दरीत मोबाइलला रेंज सगळीकडे नसते, म्हणून ११२ लावता येईलच यावर विसंबू नका. जॅकेटला शिट्टी बांधलेली असावी, तीन वेळा वाजवली म्हणजे मदत हवी, हे सगळ्यांनी आधी ठरवून घ्यावं. पंधरा मीटर तरंगणारी दोरी, दोन लिटर पाणी, ओआरएसची पुडी, कडा असलेली टोपी, चष्म्याला दोरी, फोन जलरोधक पिशवीत. कपडे पटकन वाळणारे, पूर्ण बाह्यांचे. जीन्स आणि जाड सुती कपडे भिजले की जड होतात आणि हिवाळ्याच्या सकाळी वाऱ्यात हुडहुडी भरते. पायात मागे पट्टा असलेल्या सँडल. चपला गाळ ओढून घेतो, आणि काठावर फुटलेल्या बाटल्यांच्या काचा असतात.

जाळी ही इथली रोजची गोष्ट आहे. थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या की मधून जाऊ नका, टोकाला वळसा घाला. पंख किंवा वल्हं अडकलंच तर झटके देऊ नका. थांबा, उलटं या, हाताने सोडवा. जाळं कापायचं नाही, ते कुणाच्या तरी घरचं उत्पन्न आहे. हे पाणी शहरांत नळाने येतं हेही लक्षात असू द्या: साबण, कचरा आणि काठावरची घाण यांतलं काहीही मागे राहू नये.

होडी विकत घ्यायची वेळ

भाड्याच्या होडीवर पाच-सहा सकाळी काढल्यावरच घ्या. तोवर तुम्हाला कळलेलं असतं की घरापासून पाण्यापर्यंत ती नेणार कशी, आणि निर्णय तिथेच ठरतो. कडक प्लास्टिकची एकट्याची सिट-ऑन-टॉप २० ते २७ किलो भरते. ती गाडीच्या टपावर चढवायला दोन माणसं आणि ठेवायला पार्किंगची भिंत लागते. खडकांवर घासली तरी तिचं फारसं बिघडत नाही, आणि वाऱ्यातही ती बऱ्यापैकी वागते. हवेची कयाक डिकीत मावते, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्येही राहते, पण वाऱ्यात पानासारखी ढकलली जाते आणि बाभळीच्या काट्याला घाबरते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने सकाळच्या शांत पाण्यापुरती हवेची घ्यायला हरकत नाही, पण निदान तीन वेगळे हवेचे कप्पे असलेलीच. खेळण्याच्या दुकानात मिळणारी पातळ रबरी होडी म्हणजे कयाक नव्हे, ती घेऊन धरणात जाऊ नये. कुठल्याही होडीवर छापलेल्या वजनमर्यादेच्या ७० टक्क्यांच्या आत तुम्ही आणि सामान मिळून बसायला हवं. त्यापुढे ती खोल बसते आणि लहान लाटही आत येते.

हवेची होडी भरताना कप्प्यांवर छापलेला दाब पाहा. बाजूचे कप्पे बहुतेक १ ते २ पीएसआयचे (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) असतात, आणि कडक तळ असेल तर त्याला पुष्कळ जास्त दाब लागतो. कमी भरली की मध्ये वाकते. सकाळी नीट भरलेली होडी काठावर उन्हात ठेवली की आतली हवा तापून दाब वाढतो आणि शिवण उसवते. म्हणून थांबताना ती सावलीत किंवा पाण्यात ठेवा, नाहीतर थोडी हवा सोडा. उलट, गरम हवेने भरून गार पाण्यात उतरवलेली होडी दहा मिनिटांत मऊ पडते, ती पुन्हा भरावी लागते. त्याला गळती समजून घाबरू नका.

प्लास्टिकची होडी टपावर बांधताना बक्कलचे सपाट पट्टे वापरा आणि हाताने आवळा. करकर आवळणारे रॅचेट पट्टे तापलेल्या प्लास्टिकला कायमचे खड्डे पाडतात. पट्ट्याला एक पीळ द्या, म्हणजे वाऱ्यात तो घोंघावत नाही, आणि पुढचं टोक बॉनेटकडे दोरीने वेगळं बांधा. पाण्यात उतरण्याआधी मागचं बूच लावलं आहे ना ते बघा. ते विसरल्यावर होडी अर्ध्या तासात जड होत जाते आणि कारण लवकर लक्षात येत नाही. घरी आल्यावर बूच काढून आतलं पाणी निथळू द्या, होडी कडेवर उभी आणि सावलीत ठेवा. हवेची कयाक पुसून, पंख्याखाली शिवणींपर्यंत वाळवूनच गुंडाळा, ओली गुंडाळली तर आठवड्यात बुरशी धरते. नदीच्या किंवा जलपर्णी असलेल्या पाण्यावर नेली असेल तर दुसऱ्या धरणात उतरवण्याआधी तळ, पंख आणि दोऱ्या धुऊन प्रत्येक मुळी, प्रत्येक पान काढा. जलपर्णीचा एक तुकडा नवीन पाण्यात पसरायला पुरतो.